प्रार्थनामंदिरातले दोन अर्ज



या मालेच्या पत्रकावर माझ्या नावासमोर जो विषय छापला आहे, तो वाचून पुष्कळांना नवल वाटले असेल. कामगारांच्या संघटनेत आयुष्य घालवलेला माणूस बोललाच तर बोनसवर बोलेल, कंत्राटी पद्धतीवर बोलेल. जर्मनीतल्या ल्यूथरपंथी मंदिरांत तीनशे वर्षांपूर्वी जे गाणे-बजावणे होत असे, त्याच्याशी याचा काय संबंध? संगीताचे शास्त्र मी कोणा गुरूपाशी शिकलेलो नाही. ऐकले ते तबकड्यांवर, आणि वाचले ते रात्री, दिवसाचे काम आटोपल्यावर. परंतु एक विद्या मला बऱ्यापैकी अवगत आहे. ती म्हणजे अर्ज वाचण्याची. मागणीपत्रके, निवेदने, गाऱ्हाणी लिहिण्यात आणि लिहून घेण्यात माझी कितीतरी वर्षे गेली. अर्जात माणूस काय मागतो एवढेच पाहावयाचे नसते. तो काय गाळतो आणि कोणाला विसरतो हेही पाहावयाचे असते.

आज मी आपल्यापुढे असे दोन अर्ज ठेवणार आहे. दोन्ही प्रार्थनेतल्या गाण्याविषयी आहेत आणि दोन्ही त्या गाण्यावर जगणाऱ्या माणसांनी लिहिले आहेत. पहिला १७३० सालचा, जर्मनीतल्या लाइप्झिग शहरातला. दुसरा सुमारे शंभर वर्षांनंतरचा, आणि तो तंजावरचा, म्हणजे आपल्या भोसल्यांच्या तंजावरचा.

आधी थोडे ल्यूथरविषयी बोलले पाहिजे. मार्टिन ल्यूथरने पोपशी भांडण मांडले ते सर्वांना ठाऊक आहे. पण त्याने आणखी एक काम केले, ते इतिहासाच्या पुस्तकात दोन ओळींत आटोपतात. त्याने देवळातले गाणे लोकांच्या तोंडी दिले. तोपर्यंत मुख्य गाणे लॅटिनमधून, आणि तेही पाद्री व त्यांच्या गायकांनी म्हणावयाचे. ल्यूथरने जर्मन भाषेत पदे रचली, चाली बसवल्या, आणि १५२४ साली त्याच्या पंथाची पहिली गीतपुस्तके छापून निघाली. या पदांना कोरल म्हणतात. चांभार, विणकर, मोलकरीण, सगळे एका सुरात कोरल म्हणू लागले. आपल्याकडे संतांनी संस्कृताची कवाडे उघडून अभंग सामान्यांच्या ओठी दिला, त्याची आठवण कोणालाही होईल. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मराठी ख्रिस्ती मंडळीला विलायती चालींच्या जोडीला भजन आणि कीर्तन दिले, तीही याच जातीची कामगिरी.

या कोरलाभोवती पुढील दोनशे वर्षांत एक मोठी इमारत उभी राहिली. तिचे नाव कँटाटा. कँटाटा म्हणजे काय हे समजावून सांगावयाला मला तरी कीर्तनाहून सोपा दाखला सापडत नाही. आपला कीर्तनकार पूर्वरंगाला एक अभंग घेतो, त्याचे निरूपण करतो, मध्येच साकी-दिंडी म्हणतो, मग आख्यान लावतो, आणि अधूनमधून असा गजर करतो की सगळी सभा टाळ्या धरते. कँटाटातही तसेच. त्या रविवारी शुभवर्तमानातला जो उतारा वाचावयाचा, तोच तिचा विषय. आरंभी बहुधा सर्व गायकांचा कोरस. मग बोलल्यासारखे गाणे, म्हणजे आख्यान पुढे नेणारा भाग. मग एकट्या गळ्याचे पद, सोबत एखादी बासरी किंवा व्हायोलिन. आणि शेवटी बहुधा साधे कोरल, ज्याची चाल बाकावरच्या म्हाताऱ्या बाईलाही तोंडपाठ. सगळी कलाकुसर अखेर त्या ओळखीच्या चालीपाशी येऊन उभी राहते. हे ध्यानात ठेवा; पुढे सभागृहाकडे वळू तेव्हा याची गरज लागेल.

योहान सेबास्टियान बाख १७२३ साली लाइप्झिगला कँटर म्हणून रुजू झाला आणि १७५० साली मरेपर्यंत त्याच जागेवर राहिला. कँटर म्हणजे शाळेतला गायनशिक्षक आणि शहरातल्या मंदिरांच्या संगीताचा व्यवस्थापक, अशी दुहेरी नोकरी. नेमणूक नगरपरिषदेची. करारात लॅटिन शिकवण्याचेही कलम होते. ते काम त्याने आपल्या पदरचे पैसे देऊन दुसऱ्याकडून करवून घेतले. रविवारची मुख्य प्रार्थना सकाळी सातला सुरू होई आणि तीन-चार तास चाले. त्यात एक तासाचे प्रवचन. कँटाटा प्रवचनाच्या अगोदर, अर्ध्या तासाच्या आतबाहेर. पहिली काही वर्षे त्याने जवळजवळ दर आठवड्याला एक नवी कँटाटा लिहिली. दोनशेच्या आसपास आज हाती आहेत. कल्पना करा : रचना करावयाची, प्रत्येक वाद्याचे कागद नकलून घ्यावयाचे, पोरांकडून बसवून घ्यावयाचे, आणि रविवारी सात वाजता तयार. पुन्हा सोमवारी कोरा कागद. याला आम्ही आमच्या भाषेत उत्पादनाचा कोटा म्हणतो.

हा माणूस गरीब गाय नव्हता. लाइप्झिगला येण्यापूर्वी तो वायमारच्या ड्यूककडे नोकरीला होता. दुसरीकडे चांगली जागा मिळाली म्हणून त्याने नोकरीतून मोकळे करण्याची मागणी केली, आणि ती इतक्या हट्टाने केली की ड्यूकने त्याला १७१७ च्या ६ नोव्हेंबरपासून २ डिसेंबरपर्यंत कैदेत ठेवले. नोकरी सोडावयाची म्हणून तुरुंग! वेठबिगारीची याहून स्वच्छ व्याख्या मला कायद्याच्या पुस्तकातही मिळाली नाही.

आता अर्ज. तारीख २३ ऑगस्ट १७३०, नगरपरिषदेस उद्देशून. सुव्यवस्थित मंदिर-संगीताची संक्षिप्त परंतु अत्यंत आवश्यक योजना, अशा अर्थाचे त्याचे लांबलचक नाव. माझी शिफारस अशी की आमच्या प्रत्येक तरुण कार्यकर्त्याने हा अर्ज एकदा वाचावा. आधी तो प्रमाण ठरवतो : एका गायकवृंदात किमान बारा गायक, सोळा असल्यास उत्तम, वादक अठरा, वीस असल्यास बरे. मग प्रत्यक्ष काय आहे ते मांडतो : परिषदेच्या पगारावर वादक आठ, त्यांतला एक उमेदवार. काहींच्या लायकीविषयी सभ्यतेमुळे बोलत नाही, असेही म्हणून घेतो. मग शाळेतल्या मुलांची नावनिशीवार यादी, आणि खाली बेरीज : उपयोगी सतरा, अजून उपयोगी नाहीत असे वीस, आणि निरुपयोगी सतरा. एवढ्यांतून चार मंदिरांना गायक पुरवावयाचे. ज्यांना जेमतेम कोरल म्हणता येते ते चौथ्या मंदिराच्या वाट्याला. शेवटी तुलना. ड्रेस्डेनला राजाच्या वादकांकडे पाहा, तो म्हणतो. त्यांना पगार मिळतो, पोटाची चिंता नाही, प्रत्येकाला एकच वाद्य वाजवावे लागते. मग ते उत्तम वाजवतात यात नवल काय? आमच्या माणसाला पोटामागे धावावे लागते, तो सराव केव्हा करणार?

तीनशे वर्षांपूर्वी हे लिहिले गेले आहे. भक्तिसंगीत भक्तीने होते, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. बाखच्या भक्तीविषयी कोणी शंका घेणार नाही. परंतु भक्तीला वीस वादक लागतात आणि वादकांना पगार लागतो, हे त्याने परिषदेला आकड्यांनिशी सांगितले. परिषदेने मागण्या मान्य केल्या नाहीत.

या अर्जात स्वतःच्या पगाराविषयी काही नाही. ते गाऱ्हाणे त्याने दोन महिन्यांनी, एर्डमान नावाच्या जुन्या मित्राला लिहिलेल्या खासगी पत्रात घातले. जागेचे उत्पन्न सुमारे सातशे थालेर, पण त्यातले बरेचसे लग्ने आणि प्रेतयात्रा यांच्या दक्षिणेतून. हवा चांगली पडली की माणसे मरत नाहीत आणि उत्पन्न बुडते. मागल्या वर्षी त्यापायी शंभराहून अधिक थालेरांचे नुकसान झाले, असे तो लिहितो. आपण हसलात. तुकड्यावर काम करणाऱ्या माणसाला हसू येणार नाही. लग्नसराई संपली की बँडवाल्याची जी अवस्था होते, तीच ही.

आणि अर्जात कोण गाळले गेले? एक तर ती मुले. थंडीवाऱ्यात प्रेतापुढे गात जाणारी, दारोदार गाऊन पैसे जमवणारी, त्यांची किंमत उपयोगी-निरुपयोगी या रकान्यांत. दुसरी त्याची बायको. आना माग्डालेना ही लग्नापूर्वी आणि लग्नानंतरही क्योथेनच्या दरबारात पगारी गायिका होती. लाइप्झिगच्या मंदिरांत स्त्रीला गाण्याची मुभा नव्हती. वरच्या पट्टीचे सूर पोरांनी गावयाचे. घरात अशी गायिका, आणि रविवारी तिने बाकावर बसून ऐकावयाचे. बाख गेल्यावर ती १७६० साली वारली ती धर्मादायावर जगणारी विधवा म्हणून.

आता सभागृहाकडे वळतो. लाइप्झिगमध्येच १७२९ पासून बाख दर आठवड्याला एका कॉफीच्या दुकानात विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदाचे जलसे करी. म्हणजे देऊळ आणि जलसा यांच्यामध्ये आपण जी भिंत घालतो, ती त्याच्या वेळी तितकी उंच नव्हती. तीच बोटे, तीच व्हायोलिने. पण मंदिरासाठी लिहिलेले संगीत त्याच्यामागे हळूहळू कपाटात गेले. ते थाटात बाहेर आले ११ मार्च १८२९ रोजी, बर्लिनमध्ये. वीस वर्षांच्या फेलिक्स मेंडेल्सझोनने बाखचे ‘मॅथ्यू पॅशन’ तेथल्या गायनसंस्थेच्या सभागृहात केले. ख्रिस्ताच्या क्रूसावरील मरणाची ही कथा १७२७ मध्ये लाइप्झिगच्या मंदिरात शुभ शुक्रवारच्या प्रार्थनेसाठी केली गेली होती. दोन भागांच्या मध्ये प्रवचन. बर्लिनला प्रवचन नव्हते, पुष्कळ पदे गाळली होती, गायक मात्र दीडशेच्या वर. राजा आला होता, तत्त्वज्ञ हेगेल आला होता. बाखचे नाव जगभर झाले ते या दिवसापासून, असे म्हणावयास हरकत नाही. यात सभागृहाचे उपकार आहेत आणि ते मी मानतो. मंदिराने जे सांभाळले नाही ते सभागृहाने सांभाळले. शिवाय सभागृहात बायका गाऊ लागल्या. माग्डालेनाला जे मिळाले नाही ते तिच्या नातींच्या पिढीला मिळाले.

पण एक वस्तू सभागृहात शिरतानाच दाराशी राहिली. मंदिरातला श्रोता आपणही गाणारा होता. कोरलाची चाल आली की त्याच्या घशात ती आपोआप हले. सभागृहातला श्रोता तिकीट काढून येतो आणि खोकला आला तरी दाबून धरतो. कीर्तनातला गजर काढून घेतला आणि राहिलेले सगळे उत्तम ठेवले, तर कीर्तनाचे काय होईल? तेच येथे होते.

याच १८२९ सालाच्या सुमारास तंजावरात दुसरा अर्ज लिहिला गेला. पण तंजावरात ल्यूथर आला कोठून?

व्यंकोजीराजांनी तंजावरला मराठी गादी स्थापली ती १६७५ च्या सुमारास. त्या राज्याच्या किनाऱ्यावर तरंगमबाडी हे बंदर डेन्मार्कच्या लोकांकडे होते. तेथे १७०६ साली, म्हणजे तंजावरात शहाजीराजे राज्य करीत असताना, त्सीगेनबाल्ग आणि प्ल्यूटशाऊ हे दोन जर्मन पाद्री उतरले. भारतातले हे पहिले प्रॉटेस्टंट मिशन, आणि ते ल्यूथरपंथी. हे लोक हाले शहराच्या परंपरेतले. त्या मंडळींना मंदिरातल्या थाटाच्या संगीताचे फारसे प्रेम नव्हते. साधे, अंतःकरणाला भिडणारे पद त्यांना पुरे. म्हणून बाखची कँटाटा कावेरीकाठी आली नाही. कोरल मात्र आले. जर्मन चाली जशाच्या तशा ठेवून त्यांत तमिळ शब्द बसवले गेले. तमिळ छंद एकीकडे ओढतो, जर्मन चाल दुसरीकडे. ऐकणाऱ्याला ते कसे लागत असेल ते ‘वैष्णव जन’ बँडच्या कवायतीच्या ठेक्यावर म्हणून पाहावे.

बाख वारला त्याच वर्षी, १७५० मध्ये, क्रिश्चियन फ्रीडरिश श्वार्ट्झ हा पाद्री तरंगमबाडीस आला. पुढे तो तंजावरात स्थिरावला. तुळजाराजांनी दत्तक घेतलेल्या सरफोजीचा सांभाळ आणि शिक्षण मरतेसमयी या श्वार्ट्झवर सोपवले. सरफोजीराजांचे नाव आपण सरस्वतीमहाल ग्रंथालयामुळे जाणतो. राजा ख्रिस्ती झाला नाही. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास त्याने १८०३ साली मराठीत कोरवून घेतला. पण श्वार्ट्झचे ऋण तो विसरला नाही. लंडनच्या फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून त्याने गुरूचे संगमरवरी स्मारक करवून घेतले; ते तंजावरच्या श्वार्ट्झच्या मंदिरात आहे. विलायती वाद्ये आणि बँड त्याच्या दरबारात होता. आणि त्याच तंजावरात मराठी कीर्तनकारांनी नेलेली साकी, दिंडी, ओवी पुढे तमिळ हरिकथेत मुरली. इतक्या निरनिराळ्या चाली एका गावात नांदल्याचे दुसरे उदाहरण मला चटकन आठवत नाही.

श्वार्ट्झचा दुसरा शिष्य वेदनायगम शास्त्री, जन्म १७७४. श्वार्ट्झने त्याला लहानपणीच तंजावरला आणले. मिशनच्या शाळेत तो शिक्षक झाला आणि ख्रिस्ती मंडळीचा कवी झाला. त्याने जर्मन चालींना हात जोडले आणि कर्नाटकी रागांत कीर्तने रचली. कुरवंजी म्हणजे भविष्य सांगणाऱ्या डोंगरी बाईचे नाट्य. सरफोजीने मराठीत ‘देवेंद्र कुरवंजी’ लिहून त्यातून जगाचा भूगोल शिकवला, आणि शास्त्रींनी तमिळमध्ये ‘बेथलेहेम कुरवंजी’ लिहून त्याच साच्यात ख्रिस्तकथा बसवली. एक राजा, एक पंतोजी, गुरू एक, साचा एक, देव निराळे.

पुढे मिशन इंग्रज संस्थेच्या हाती गेले आणि नव्या दमाचे पाद्री आले. हाउब्रो नावाच्या पाद्र्याशी शास्त्रींचा खटका उडाला. शास्त्रींनी आणि त्यांच्या बाजूच्या मंडळींनी गाऱ्हाणे लिहिले. त्यात त्यांनी चार जुलूम मोजले आहेत. आमचे तमिळ बायबल बदलले. सणासमारंभातली फुले बंद केली. प्रार्थनेत तमिळ कीर्तने म्हणण्यास मनाई केली. आणि चौथा जुलूम कोणता? निरनिराळ्या जातींना प्रार्थनेत एकत्र मिसळावयास लावले!

येथे मी थांबतो, कारण हा अर्ज बाखच्या अर्जासारखा सरळ डोक्यावर घेता येत नाही. शास्त्री उच्च मानल्या गेलेल्या वेळ्ळाळ जातीचे. मंदिरात त्या मंडळींच्या बसण्याच्या जागा वेगळ्या होत्या, त्या वेगळ्याच राहाव्यात असे त्यांचे म्हणणे. म्हणजे एकाच कागदावर एक मागणी सोळा आणे न्यायाची, आणि दुसरी तितकीच अन्यायाची. आमच्या भाषेत आम्ही गाऊ, ही पहिली. आमच्या शेजारी तो बसू नये, ही दुसरी. काही अभ्यासक शास्त्रींची बाजू मांडताना दुसरी मागणी हळूच झाकतात. काही जण तिच्यामुळे पहिलीही फेकून देतात. मला दोन्ही मान्य नाही. असे अर्ज मी संघटनेतही पाहिले आहेत : पाळणाघर मागतात आणि खालीच ओळ टाकतात की पाण्याचा माठ वेगळा ठेवा. पहिल्या ओळीसाठी भांडावयाचे असते आणि दुसरी ओळ लिहिणाऱ्याच्या तोंडावर खोडावयाची असते. हाउब्रोने माठ एक केला हे चांगले केले. त्याच हाताने त्याने गाणे बंद केले हे वाईट केले. ज्यांच्यासाठी त्याने बाके एक केली, त्यांच्याही कानाला तमिळ कीर्तनच गोड लागत होते. पण या शेवटच्या बाकांवरच्या माणसांचा अर्ज कोणी लिहून घेतला नाही.

शास्त्रींची मिशनमधली नोकरी गेली. सरफोजीराजांनी त्यांना दरबारात आश्रय दिला. १८३२ मध्ये राजा वारला. १८३३ साली बिशप विल्सन यांनी मंडळीत जात पाळण्यास मनाई केली आणि तंजावरची मंडळी फुटली. त्यानंतर जर्मनीहून एक नवे ल्यूथरपंथी मिशन तरंगमबाडीस आले. ते जातीच्या बाबतीत सौम्य म्हणून वेळ्ळाळ घराण्यांतले पुष्कळ जण त्याच्याकडे गेले. या मिशनचे मुख्य ठाणे १८४८ साली कोठे हलले? लाइप्झिगला! इतिहासालाही कधीकधी चेष्टा सुचते.

शास्त्री १८६४ पर्यंत जगले. बंदी टिकली नाही, कीर्तने टिकली. त्यांच्या घराण्यात कथाकीर्तनाची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालली, आणि आज तमिळ प्रॉटेस्टंट मंडळी जेथे जमते तेथे जर्मन चालीचे कोरल आणि शास्त्रींचे कीर्तन एकाच प्रार्थनेत येते. ते ऐकावयास तंजावरला जावे लागत नाही. आपल्या शीवच्या रुळांपलीकडे धारावी आहे. कातड्याच्या धंद्याबरोबर तमिळ माणूस तेथे आला त्याला शंभराहून अधिक वर्षे झाली, आणि त्यांत ख्रिस्ती घरेही आली.

मुंबईत बाख आणि हँडेल ऐकावयाचे तर आपण दक्षिण टोकाला जातो. तेथे हे संगीत टिकवले ते पारशी, गोवेकर आणि इतर हौशी मंडळींनी. मेहली मेहता यांनी १९३५ साली येथे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारला, व्हिक्टर परांजोती यांचा कोरस १९५६ पासूनचा. गोव्याच्या वादकाचे शिक्षण झाले गावच्या चर्चच्या शाळेत, तेथल्या मेस्त्रीच्या हाताखाली. म्हणजे लाइप्झिगचा कँटर जे काम करी तेच काम करणाऱ्या माणसाच्या हाताखाली, फक्त पंथ कॅथलिक. रविवारी चर्च, संध्याकाळी हॉटेल, आणि आठवडाभर सिनेमाच्या स्टुडिओत पाळीवर वादन. हिंदी सिनेमाच्या गाण्यांतली व्हायोलिने पुष्कळशी याच बोटांची. तबकडीवर मात्र त्यांची नावे नाहीत. सिने-वादकांना आपली संघटना करावी लागली ती हौसेखातर नव्हे.

माझी सूचना साधी आहे आणि ती या मालेच्या चालकांनी मनावर घ्यावी. एखाद्या नाताळात किंवा शुभ शुक्रवारच्या आधी येथे शीवला बाखची एक लहानशी कँटाटा करावी. वीस-पंचवीस मिनिटांची पुरे. गायक-वादक शहरात आहेत. आरंभी अर्धा तास जमलेल्या लोकांना तिचे कोरल शिकवावे. चाल चार ओळींची असते. गणपतीची आरती येणाऱ्याला ती सहज येईल. मराठी शब्द कोणी कवी करून देईल. मग कँटाटा व्हावी, आणि शेवटचे कोरल सभागृहाने उभे राहून म्हणावे, बेसूर झाले तरी चालेल. त्याच संध्याकाळी, त्याच व्यासपीठावर, धारावीच्या मंडळींना बोलावून शास्त्रींची दोन कीर्तने व्हावीत. आधी किंवा नंतर, पण कार्यक्रमपत्रिकेत एकाच आकाराच्या टायपात. बसावयाची व्यवस्था आल्याच्या क्रमाने. वादकांची नावे छापावीत, ऑर्गनला भाता मारणारा असेल तर त्याचेही. आणि बिदागी दोन्हीकडच्यांना सारखी, रोख, त्याच रात्री, घरी जाण्यापूर्वी. हॉलचे भाडे किती आणि माणसे किती लागतील याचा एक तक्ता मी करून आणला आहे. तो चिटणिसांकडे देतो. त्यात वादक बारा धरले आहेत. बाखने अठरा मागितले असते, पण वर्गणीची वही मी पाहिलेली आहे.

कोणाला काही विचारावयाचे असेल तर अध्यक्षांच्या परवानगीने जरूर विचारावे.